पिवळ्या पडल्या त्या सुटल्या

टाचणी हे काही तिचं खरं नाव नव्हे. पण बाइंडिंगखान्यात तिचं खरं नाव विचाराल तर दहातले नऊ जण डोकं खाजवतील. अंगाने काटकुळी, बोलायला टोकदार, आणि कुणी वाकडं बोललं की टोचणारच. तेव्हा हे नाव का पडलं, हे विचारायची गरजच नाही. पस्तीस वर्षं ती एकाच बाकावर बसून पुस्तकं शिवत आली. तुमच्या-आमच्या हातातून गेलेल्या कितीतरी शब्दकोशांच्या पाठीत तिचा दोरा असेल, पण ते कुणाला ठाऊक असायचं कारण नाही.

त्या बाकावरची कामाची रीत आधी सांगतो. पहिली बाई छापील कागदाला घडी घालते. त्या घडीला म्हणतात फर्मा. दुसरी ते फर्मे क्रमाने लावते. मधल्या पाच जणी सुई-दोऱ्याने शिवतात आणि शेवटची पाठीला खळ लावून कापडाची पट्टी चिकटवते. तिथून पुस्तक पुरुषांकडे जातं, दाबयंत्राखाली, मग कटिंगला, मग पॅकिंगला. एखादी बाई आली नाही की तिची रास शेजारणीच्या पुढ्यात येऊन पडते. त्यामुळे कोण कधी आजारी होतं हे लक्षात ठेवायला या बायकांना कुठली वही लागत नाही. शेजारणीची रास उपसून मोडलेली कंबर कुणी विसरतं का?

तर, टाचणीच्या भाचीचं ऑपरेशन होतं. भाची म्हणजे तिच्या थोरल्या भावाची मुलगी, हिचा जीव की प्राण. रक्त लागणार म्हणताच टाचणी सगळ्यांच्या आधी जाऊन उताणी झोपली. भाची ठणठणीत बरी होऊन घरी आली, आणि आठवड्याभराने रक्तपेढीतून टाचणीलाच बोलावणं आलं.

रक्तपेढीतली डॉक्टरबाई वयाने तिच्या मुलीएवढी. खोली इवलीशी, दोन खुर्च्या, एक थंड पेटी आणि भिंतीवर हात धुण्याची चित्रं. ती म्हणाली, “मावशी, घाबरू नका. तुमच्या रक्तात सी प्रकारच्या काविळीच्या खुणा सापडल्या. म्हणून ते रक्त आम्ही वापरलं नाही. मग दुसरी चाचणी केली. विषाणू आता तुमच्या अंगात नाही. कधीतरी होऊन गेलाय आणि तुमच्या शरीराने त्याला हाकलून दिलंय.”

“हाकलला ना? मग मला कशाला बोलावलंत, हार घालायला?”

डॉक्टरबाई हसली. “तो आला कुठून, हे विचारायला. तुम्हाला कधी कावीळ झाली होती?”

झाली होती तर! अठ्ठावीस वर्षं झाली. कारखान्यातल्या एकाला गंजलेलं पातं लागलं, धनुर्वात झाला, तो कसाबसा वाचला. मालकांनी भीतीने सगळ्यांनाच धनुर्वाताचं इंजेक्शन द्यायला लावलं. कंपाउंडर आला. त्याच्याकडे एक सिरिंज आणि एक सुई, प्रत्येक दंडानंतर स्पिरिटच्या बोळ्याने पुसायची आणि पुढच्याला टोचायची. आठ बायका आणि अकरा पुरुष. दीड-दोन महिन्यांनी बायका एकामागून एक पिवळ्या पडायला लागल्या. आधी घडीवाली, मग टाचणी स्वतः, मग आणखी तिघी. डोळे पिवळे, अन्नाचा वासही नकोसा, अंगात उभं राहायचं त्राण नाही. पुरुषांपैकी एकालाही काही झालं नाही. एकानेही रजा घेतली नाही.

झालं! कारखान्याने निकाल लावून टाकला की ही कावीळ बायकांच्या बाकावर आहे. टाचणीचा तोच थोरला भाऊ, तिचा दादा, तेव्हा नुकताच सुपरवायझर झाला होता. त्याने तो बाक उचलून मागच्या अंगणात टाकला, नवा करून घेतला, बायकांसाठी पाण्याचा वेगळा माठ ठेवला. अगदी मायेने केलं हो त्याने! पण वर हेही म्हणाला, “बायकांची शरीरं नाजूक. आपले गडी बघा, लोखंड!” अठ्ठावीस वर्षं तो जुना बाक अंगणात पडून होता, आणि नवीन आलेल्या पोरी त्याला वळसा घालून जायच्या.

हे सगळं सांगता सांगता टाचणी मध्येच थांबली.

“डॉक्टरबाई, जे पिवळे पडलेच नाहीत त्यांचं काय?”

डॉक्टरबाईने लेखणी खाली ठेवली. “मावशी, मलाही तेच विचारायचंय. या विषाणूची गंमत अशी की, माणूस पिवळा पडतो तो बऱ्याचदा शरीर त्याच्याशी जोरात भांडतंय म्हणून. असं भांडण झालं तर तो निघून जाण्याची शक्यता जास्त. ज्याला काहीच झालं नाही, त्याच्या लिव्हरमध्ये तो गुपचूप मुक्काम ठोकून बसलेला असू शकतो, वीस-तीस वर्षं. आणि बायकांची शरीरं त्याला पुरुषांपेक्षा जास्त वेळा हाकलतात, असं दिसलंय. पुरुषांत तो जास्त टिकतो आणि लिव्हरही लवकर खराब करतो.”

“का पण?”

“पूर्ण कुणालाच माहीत नाही. बाईची प्रतिकारशक्ती वेगळी वागते, अंगातले स्त्रीचे रस लिव्हरला थोडी राखण देतात असं वाटतं. पाळी गेल्यावर ती राखण कमी होते, म्हणून बायकांनीही बेफिकीर राहायचं नाही. सगळ्यांना घेऊन या. आता गोळ्या आहेत. तीन महिने घ्यायच्या, बहुतेकांचा तो जातो.”

टाचणी बाहेर आली आणि पायरीवर बसून बोटांवर मोजू लागली. अकरा पुरुष. त्यातले चार गेलेले. दाबयंत्रवाला, कटिंगवाले दोघे भाऊ आणि म्हातारा रखवालदार. चौघांची पोटं फुगली, चौघे लिव्हरने गेले, आणि चौघांच्या मागे लोक एकच वाक्य बोलले होते की दारूने खाल्लं. त्यातला रखवालदार तर कधीतरी घोटभर घेणारा. त्याच्या बायकोने लोकांचं बोलणं खाली मान घालून ऐकलं होतं. आणि त्या दिवशी पुरुषांच्या रांगेत सगळ्यात पुढे, छाती काढून, कोण उभा होता? दादा.

दादाला कारखान्यात पाणीदादा म्हणायचे. निरोप-समारंभ असो की मालकांकडची पार्टी, सगळ्यांच्या हातात दुसरं काही आणि याच्या हातात पाण्याचा पेला. साठीला आला, पण आयुष्यात दारूचा थेंब जिभेला लागू दिला नाही, आणि हे दर दोन दिवसांनी कुणाला ना कुणाला सांगितल्याशिवाय त्याला जेवण जायचं नाही. त्याची ती एकच मिरास. चौघे गेले तेव्हाही “मी सांगत होतो त्यांना” हे वाक्य त्याने चारही वेळा म्हटलं होतं.

ती तशीच त्याच्या घरी गेली. दादा चष्मा कपाळावर चढवून रेडिओ दुरुस्त करत होता, वहिनी चहा गाळत होती. टाचणीने एका दमात सगळं सांगितलं.

“बरं मग?” दादा म्हणाला.

“मग काय? उद्या चल. रक्त तपासायचं.”

“कुणाचं?”

“रेडिओचं! तुझं, दादा, तुझं!”

“मला काय झालंय? तेव्हा तू दोन महिने अंथरुणाला खिळलीस, मी एक दिवस घरी बसलो नाही. आजारी पडली तू आणि तपासायचं मला? असला कसला उफराटा रोग?”

“उफराटाच आहे तो. तेच तर सांगतेय मघापासून!”

“आणि ती चाचणी कुठे होते? लिव्हरच्या वॉर्डात ना? तिथल्या बाकड्यावर मला कुणी बसलेला पाहिलं तर काय म्हणतील? पाणीदादा आतून निराळाच निघाला! चाळीस वर्षं जपलेलं नाव एका सकाळीत मातीत घालू?”

वहिनी हळूच म्हणाली, “अहो, हल्ली दुपारी फार थकता तुम्ही. पायही सुजतात.”

“वय झालं माझं!” दादा गरजला आणि विषय संपला. टाचणीने चहाचा पेला तसाच ठेवला. भावावर इतका राग तिला कधी आला नव्हता, आणि इतकी भीतीही कधी वाटली नव्हती.

मग तिने आधी बायका गोळा केल्या. आठच्या आठ. एक दुसऱ्या गावी राहायला गेलेली, तिलाही पत्ता काढून आणली. बायका कुरकुरल्या, पण आल्या. पिवळ्या पडलेल्या पाचांपैकी चौघींच्या अंगात विषाणूचा मागमूस नव्हता. ज्या तिघी तेव्हा धडधाकट होत्या, ज्यांनी बाकीच्यांच्या राशी उपसल्या होत्या, त्यांतल्या दोघींच्या अंगात तो निघाला. पिवळी पडूनही एकीचा गेला नव्हता. तिघींच्या गोळ्या सुरू झाल्या. लिव्हर अजून फारसं बिघडलं नव्हतं. डॉक्टरबाई म्हणाली, “एवढ्याशा लोकांवरून नियम बांधू नका, पण मोठ्या पाहण्यांतही कल असाच दिसतो.”

पुरुष मात्र एक येईल तर शपथ. पाणीदादा येत नाही म्हटल्यावर कोण येतो? जो तो म्हणे, “आधी त्यांना न्या.” टाचणीने विनवण्या केल्या, शिव्या घातल्या, भाचीला रडायला लावलं. दादा ढिम्म.

शेवटी एका सोमवारी ती कामावर आली, आपल्या जागेवर बसली, समोरचे फर्मे पाहिले आणि हाताची घडी घातली. सुई ओवलेली, पण उचलली नाही. तासाभरात तिच्या पुढ्यात रास झाली. रीतीप्रमाणे ती रास शेजारणीकडे जायला हवी. पण शेजारीणही तेव्हा पिवळ्या पडलेल्या पाचांतलीच होती, आणि टाचणीने तिला आधीच फितवलं होतं. तिनेही हाताची घडी घातली. दुपारपर्यंत बाकावर आठ जणी चिडीचूप आणि समोर फर्म्यांचा डोंगर. पलीकडे दाबयंत्र थांबलं, कटिंगचं पातं थांबलं, पॅकिंगवाले खोक्यांवर बसून जांभया देऊ लागले. शाळा उघडायला पंधरा दिवस होते, पुस्तकं त्या आत जायलाच हवी होती.

पाणीदादा तरातरा आला. “काय चाललंय हे?”

“काही नाही. काम अडलंय,” टाचणी म्हणाली.

“कशाने अडलंय?”

“तुझ्या रक्ताने. बाटलीभर नको, बोटभर नळीत दे, लगेच सुटेल.”

“अगं, लाज नाही वाटत? घरचं भांडण कारखान्यात आणतेस?”

“तुला मरताना बघण्यापेक्षा लाज परवडली मला!” तिचा आवाज चिरकला. “त्या चौघांना खांदा दिलास ना तू? पाचवा कोण होणार आहे, सांग! तू गेलास तर लोक तुलाही तेच म्हणतील, दादा. तेव्हा सांगायला तू नसशील. मी किती जणांचं तोंड धरू?”

दादा लाल झाला, मग मान खाली घालून आपल्या खोलीत गेला. मंगळवारी दुपारपर्यंत त्याने तग धरला. मालकांचा दुसरा निरोप आला तेव्हा तो बाकाजवळ येऊन पुटपुटला, “येतो. पण मागच्या दाराने.”

“छपरावरून ये, पण ये,” टाचणी म्हणाली आणि सुई उचलली.

निकाल यायला दहा दिवस लागले. लिव्हरच्या डॉक्टरांकडे दोघं बहीण-भाऊ शेजारी बसले. डॉक्टर पोक्त, कागद वाचता वाचता त्यांनी सहज विचारलं, “दारू किती वर्षं घेता?”

दादाचा चेहरा असा उतरला की टाचणीला पाहवेना. ती ताडकन उभी राहिली. “डॉक्टरसाहेब, या माणसाने आयुष्यात पाण्याशिवाय काही प्यायलं नाही. आम्ही सगळे त्याला कंटाळलोय त्यावरून!”

डॉक्टरांनी चष्मा काढला. “माफ करा. विचारावं लागतं. दारू असती तर हे आणखी लवकर झालं असतं, पण दारू नसतानाही होतं. पुरुषांत जास्त होतं.” मग त्यांनी समजावून सांगितलं. विषाणू आहे. लिव्हरवर बरेच व्रण झालेत. गोळ्यांनी विषाणू जाईल, व्रण काही प्रमाणात राहतील. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी, जन्मभर. “आणखी दोन-तीन वर्षांनी आला असतात तर माझ्या हातात फारसं काही उरलं नसतं.”

दादाने समोरचे कागद उलटसुलट करून पाहिले. मग म्हणाला, “एकच सुई होती. हिच्या दंडातून माझ्या दंडात. ही दोन महिने मरणाच्या दारात होती, हिला काही नाही. मी एक दिवस रजा घेतली नाही आणि मला हे.”

“त्यांच्या शरीराने भांडण केलं,” डॉक्टर म्हणाले. “तुमच्याने केलं नाही.”

बाहेर व्हरांड्यात आल्यावर दादा थांबला. “टाचणी, तू अंथरुणावर होतीस तेव्हा मी तुझ्या वहिनीला म्हणालो होतो की ही जरा जास्तच करते. तुला ठाऊक नाही.”

“ठाऊक आहे. भिंत पातळ होती आपली,” ती म्हणाली. आणि इतके दिवस दगडासारखी राहिलेली ती बाई, नोंदणीच्या खिडकीसमोर, परक्या माणसांच्या देखत, ढसाढसा रडली. ती वाचली होती आणि त्यात तिचं काहीच कर्तृत्व नव्हतं. तिला ते सहन होईना. दादा तिच्या पाठीवर थोपटत राहिला. त्या दिवशी ते पुढच्या दाराने बाहेर पडले.

गोळ्या सुरू झाल्या. आता पुरुष यायला लागले. पाणीदादा लिव्हरच्या वॉर्डात बसतो म्हटल्यावर कुणाला तोंड लपवायचं कारण उरलं नाही. पाच जण आले. चौघांच्या अंगात विषाणू निघाला, एकाला लागणच झाली नव्हती. उरला फक्त एक, पॅकिंगमधला पहिलवान.

पहिलवान दारच उघडेना. टाचणी तीनदा जाऊन आली. बायको आतून सांगायची, घरी नाहीत. चौथ्या वेळी दादा म्हणाला, “मी येतो.” त्याच्या गोळ्या संपून तीन महिने झाले होते, आणि आदल्याच दिवशी रक्ताचा निकाल आला होता की विषाणू गेला. टाचणीला वाटलं होतं, आता तो चार दिवस तरी मिरवेल. पण त्याने निकालाचा कागद घडी करून खिशात घातला होता.

पहिलवानाचं घर दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. पहिलवान अंगाने दाराएवढा, पण चेहरा ओढलेला, आणि डोळ्यांखाली काळं. त्याने दोघांना आत घेतलं, खुर्च्या दिल्या आणि हात जोडले.

“पाणीदादा, तुमच्या पाया पडतो, मला ओढू नका. पोरीचं लग्न ठरतंय. तिकडची माणसं चौकशी करतायत. मला तिथे कुणी पाहिलं तर बेवडा ठरेन. तुमची गोष्ट वेगळी. तुम्ही पीत नाही हे सगळ्या गावाला माहीत आहे. मी कधीमधी घ्यायचो. माझ्यावर कोण विश्वास ठेवणार? लग्न उरकू दे, मग बघू.”

“लग्न कधी?” टाचणीने विचारलं.

“वर्षभर तरी जाईल.”

टाचणीने तोंड उघडलं, पण दादाने हात वर करून तिला थांबवलं.

“पहिलवान,” तो म्हणाला, “त्या दिवशी तू सुईला घाबरून खोक्यांच्या मागे लपला होतास. आठवतं? रांगेत नव्हतासच तू. मी तुला दंडाला धरून बाहेर काढला. पुरुष असून घाबरतोस, असं सगळ्यांपुढे म्हणालो. तुझ्या अंगात काही असेल तर ते मी घातलंय.”

पहिलवान बघतच राहिला. टाचणीही. ही गोष्ट दादाने अठ्ठावीस वर्षांत तिला सांगितली नव्हती.

“आता ऐक. आज माझ्याबरोबर चल. कुणी विचारलंच, मुलाकडच्यांनी विचारलं, तर सांग की हा पाणीदादा चोरून पितो, आणि त्याच्याबरोबर बसून कधीमधी माझ्याही पोटात गेली. नासवलं ते यानेच.”

“काय बोलता, दादा? तुम्ही? लोक तुमच्याबद्दल...”

“म्हणू देत. चार जणांबद्दल मी म्हणालोच की.”

टाचणी पाहत होती. हा तिचा दादा, दर दोन दिवसांनी पाण्याचा पेला लोकांच्या नाकापुढे नाचवणारा, आपल्याजवळची एकुलती एक फुशारकी दुसऱ्याच्या पायाशी ठेवून मोकळा झाला होता. आयुष्यात पहिल्यांदा तिला टोचायला एक शब्द सापडेना.

आतून पहिलवानाची बायको पाण्याचा तांब्या घेऊन आली. तिने सगळं ऐकलं होतं. पाणी कुणाला न देता तिने तांब्या खाली ठेवला, दाराजवळ गेली आणि नवऱ्याच्या चपला उचलून त्याच्या पुढ्यात मांडल्या. पहिलवानाने डोळे पुसले आणि चपलांत पाय घातले.